पाटाचं घर

शशिकांत निमकरांना एखादी गोष्ट समजली नाही की ते आधी चष्मा पुसतात. चष्म्याचा त्यात काही दोष नसतो हे त्यांनाही ठाऊक असतं, पण सारी हयात बँकेत अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला ‘मला कळलं नाही’ असं चटकन म्हणवत नाही. चष्मा पुसायला घेतला की थोडी उसंत मिळते आणि तेवढ्यात समोरचा माणूस आपण होऊन पुन्हा सांगतो. यंदाच्या श्रावणात तो चष्मा इतक्यांदा पुसला गेला की त्यांची मुलगी सावनी म्हणाली, ‘‘बाबा, काँच घिस जाएगी.’’

निमकर मूळचे मिरजेचे. प्रमोशन घेऊन लखनौला आले ते ‘दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ’ अशा बेताने. सामानातली निम्मी खोकी त्या भरवशावर उघडलीच नाहीत. पुढे विकास नगरात घर झालं, सावनी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली, मराठी समजून उत्तर हिंदीत द्यायला लागली, निमकर रिटायर झाले, आणि खोकी अजून माळ्यावर आहेत. त्यांत काय आहे ते फक्त त्यांच्या बायकोला, कल्पनाला, माहीत होतं. कल्पना गेल्या पौषात गेली.

तेव्हापासून घरात काही सापडत नाही, हे निमकरांनी मान्य करून टाकलं होतं. हिंगाची डबी सापडत नव्हती, गॅसवाल्याचा नंबर सापडत नव्हता, पोळ्यांच्या बाई कोणत्या वारी येत नाहीत तेही ठाऊक नव्हतं. डाळीत मिठाऐवजी साखर पडली तर ते तशीच खात आणि सावनीला सांगत नसत. पण श्रावणात जे हरवल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, ते डब्याबिब्यात ठेवण्यातलं नव्हतंच.

ते सांगायचं तर इथल्या मराठी लोकांची एक रीत आधी सांगायला हवी. ती कोणी काढली, देव जाणे. बदली होऊन नवीन बिऱ्हाड शहरात आलं की ज्या मराठी घरी ते पहिल्यांदा जेवतं, ते त्याचं पाटाचं घर. पाट आता कोणाकडे उरलेले नाहीत, सगळे डायनिंग टेबलावरच वाढतात, पण नाव तेच राहिलंय. हळदीकुंकू, आरती, बारसं, मयत, जे काही असेल ते त्या बिऱ्हाडाला त्या पाटाच्या घराने सांगायचं, आणि तेही तोंडी. त्या बिऱ्हाडाकडे पुढे आणखी कोणी पहिल्यांदा जेवलं, तर त्यांना यांनी सांगायचं. इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यावर सकाळपासून इतके सुविचार आणि इतके गुलाब येतात की तो सगळ्यांनी केव्हाच म्यूट करून ठेवलाय. शिवाय ग्रुपवरचं आमंत्रण हे आमंत्रणच नव्हे, असं सगळ्या बायकांचं एकमुखी मत. आणि या रीतीतला सगळ्यात कडक भाग असा, की खालच्या, म्हणजे ऐकणाऱ्या घराने वरच्या, म्हणजे सांगणाऱ्या घराला फोन करून ‘काही आहे का हो?’ असं विचारायचं नाही. ते आमंत्रण मागून घेतल्यासारखं होतं. फोन आला तर जायचं, नाही आला तर समजून घ्यायचं. काय समजून घ्यायचं ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

निमकरांचं घर जुन्यांतलं, म्हणून सगळ्यांत वरचं. त्यांना कोणी सांगायचं नसे. बातमी निघायची तीच मुळी तिथून. मंडळाचे कार्यवाह निमकर, पण त्यांचा जीव सभा, सतरंज्या आणि माइक यांत. फोन कल्पना करायची. दुपारची जेवणं झाली की दिवाणखान्यातल्या लँडलाइनपाशी स्टूल ओढून बसायची, कारण मोबाइलने कान तापतो असं तिचं म्हणणं. नंबर सगळे तोंडपाठ. निमकर तेव्हा आधी बँकेत असत, आणि रिटायर झाल्यावर आतल्या खोलीत वामकुक्षीत. ती कोणाकोणाला फोन करते हे त्यांनी कधी विचारलं नाही. बायकांचं आपलं काहीतरी चाललंय, एवढीच त्यांची समजूत.

तर श्रावणातल्या एका रविवारी अलीगंजहून स्वरदा आली. नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या वर्षीच लखनौला आलेली, लखनौत पहिल्यांदा जेवली ती कल्पनाच्या हातचं. मुलगी मोकळी. चहा तिनेच केला, कप हातात दिला आणि म्हणाली, ‘‘काका, रागावू नका, पण मंगळागौरीचं मला कोणी सांगितलंच नाही. नंतर नुसते फोटो बघितले.’’

‘‘ग्रुपवर होतं की.’’

‘‘ग्रुप कोण बघतं? काकू फोन करायच्या ना.’’

निमकरांनी चष्मा पुसायला घेतला. स्वरदाने पुन्हा काही सांगितलं नाही, आणि या खेपेला त्याची गरजही नव्हती.

ती गेल्यावर ते तसेच बसून राहिले. बातमी या घरातून निघते. घर आहे, फोन आहे, आपण स्वतः आहोत, मग तुटलं कुठे? घर म्हणजे आपण, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आता दिसत होतं की घर म्हणजे दुपारी स्टुलावर बसणारी ती होती. आणि त्यापाठोपाठ जे मनात आलं त्याने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कल्पना गेली तेव्हा हॉस्पिटलातून सावनीने मंडळातल्या दोघातिघांना फोन केले होते. त्यांनी आपापल्या खाली सांगितलं, माणसं जमली, सगळं रीतसर झालं. पण ज्यांना फक्त कल्पनाच सांगायची, त्यांना कल्पना गेल्याचं कोणी सांगितलं?

स्वरदाला कळलं ते शेजारणीने सांगितलं म्हणून. पण शहरात आणखी कोणी असेल, जे अजून तिच्या फोनची वाट बघत असेल. तिने आपल्याला टाकलं असं समजून बसलं असेल. या विचाराने निमकरांना जेवण गोड लागेना. गणपती तोंडावर आले होते. गणपतीलाही तिचा फोन आला नाही म्हणजे त्या माणसांची पक्कीच खात्री होणार. त्याच्या आत ती जी कोणी असतील त्यांना शोधून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, पण शोधायचं कुठे ते काही केल्या सुचेना.

बँकेतल्या माणसाला काही जुळेनासं झालं की पहिल्यापासून सुरुवात करायची सवय असते. निमकर मंडळाच्या सगळ्या सभासदांना ओळीने फोन करायला बसले. ‘आमची ही गेल्याचं तुम्हाला कळलंय ना?’ असं तर कोणाला विचारता येत नाही. म्हणून इकडचं तिकडचं काढावं असा बेत होता. पण पहिल्याच घरी पलीकडून आलं, ‘‘निमकर, अजून खरं वाटत नाही हो. शेवटी नक्की झालं काय होतं?’’ मग ताप, न्यूमोनिया, ऑक्सिजन, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरच्या बाई रडायलाच लागल्या, आणि निमकरांनाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यांनी रिसीव्हर ठेवला, आणि अख्खं मंडळ अजून बाकी होतं.

सावनी दारात उभी राहून हे ऐकत होती. ती इथल्याच एका संस्थेत पीएच.डी. करते. विषय काय, तर सतत बदलत राहणाऱ्या ग्राफसाठी वाढीव अल्गोरिदम आणि त्यांची कार्यक्षमता. हे वाक्य निमकरांनी पाठ केलंय, कारण लोक विचारतात. त्याच्या पलीकडचं सगळं त्यांच्या डोक्यावरून जातं, आणि सावनीने समजावण्याचा नाद केव्हाच सोडून दिलेला. त्या दिवशी मात्र ती आपण होऊन शेंगदाण्याची वाटी आणि काडेपेटी घेऊन टेबलाशी आली.

‘‘पूरा फिर से क्यों कर रहे हो बाबा? जितना बदला है, बस उतना छेड़ो. यही तो मेरा काम है.’’

तिने टेबलावर शेंगदाणे मांडले. एकेक दाणा म्हणजे एकेक घर. ज्याने ज्याला सांगायचं, त्या दोन दाण्यांच्या मध्ये काडेपेटीतली काडी. बघता बघता लखनौचा अख्खा मराठी समाज टेबलावर पसरला. मग तिने वाटीतून आणखी एक दाणा काढला. ‘‘ये आ गई स्वरदा. आपल्याला किती काम?’’

‘‘एक काडी लावायची.’’

‘‘बस. टेबल पे दस दाने हों या दस हज़ार, काम एक काडी का. सबको दोबारा नहीं गिनना. काम बदल जितना, ग्राफ जितना नहीं. इसी को हम एफिशियंट बोलते हैं.’’

हे निमकरांना समजलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काहीतरी समजलं, या आनंदात त्यांनी हात पुढे करून एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

‘‘बाबा. आपने सत्यजित काका का घर खा लिया.’’

सत्यजित ओझरकर मंडळाचे अध्यक्ष. निमकर ओशाळले. त्यांना दाणा चावताही येईना आणि काढताही येईना. पण सावनी रागावली नाही. ती पुढे वाकली आणि अध्यक्षांच्या रिकाम्या जागेकडे बोट करत म्हणाली, ‘‘अच्छा हुआ. अब देखो. जोड़ना सस्ता था, हटाना महँगा है. ये नीचे वाले तीनों लटक गए. अब इनके लिए दूसरी काडी ढूँढनी पड़ेगी, और कितनी दूर तक ढूँढनी पड़ेगी, ये पहले से पता ही नहीं चलता.’’

‘‘पण गेला तर एकच दाणा ना?’’

‘‘वही तो. हमारे सर भी यही पूछते हैं. एक गया, तो बदल एक का हुआ, कि नीचे वाले सबका? बदल बोलें किसको? मेरा पूरा चॅप्टर इसी पे अटका है.’’

निमकरांनी चष्मा पुसला. तिने पुन्हा सांगितलं नाही. तीही त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली होती. तिचीही आई गेली आहे, हे निमकरांना असं अधूनमधून एकदम आठवायचं. त्यांनी उरलेले शेंगदाणे तिच्याकडे सरकवले.

मग सावनीने आपल्या पद्धतीने काम हातात घेतलं. मंडळातल्या सगळ्यांना एकच प्रश्न मोबाइलवर पाठवला: तुमचं पाटाचं घर कोणतं? ग्रुपला उत्तर न देणारी माणसं स्वतःबद्दल विचारलं की ताबडतोब उत्तर देतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने जाहीर केलं, की आईच्या खाली मोजकीच घरं होती, त्या सगळ्यांना ती गेल्याचं माहीत आहे, आणि त्यांना आता निमकरांनीच फोन करायचा. ‘‘हो गया बाबा. सब कनेक्टेड. आणि तुम्हाला एकदाही सगळं पहिल्यापासून सांगावं नाही लागलं.’’

निमकरांचा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ राहिला नाही. लागलीच कामाला सुरुवात करावी म्हणून त्यांनी लँडलाइनपाशी स्टूल ओढलं आणि स्वरदाला फोन लावून सांगितलं, की यापुढे सगळं तुला मी सांगत जाईन. स्वरदा खूश झाली. ‘‘मग क्रमही काकूंचाच ठेवा काका. त्या नेहमी म्हणायच्या, तेलीबागचा फोन झाला, आता तुझा.’’

‘‘तेलीबागचा?’’

‘‘हो, दर वेळी. आधी तेलीबाग.’’

तेलीबागला मंडळाचं एकच घर, अध्यक्षांचं. निमकरांनी ओझरकरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘वहिनी मला कशाला करतील? मला गोमती नगरहून येतो फोन, पहिल्यापासून.’’ निमकरांनी हे सावनीला सांगितलं. तिने शेंगदाणे पुन्हा मांडले, काड्या इकडच्या तिकडे केल्या, आणि मग हात टेकले. ‘‘मतलब एक दाना है जो टेबल पे है ही नहीं. पर मैंने तो मान लिया था कि दाने सारे पता हैं, बस काडियाँ बदलती हैं.’’ काडी खाली ठेवत ती म्हणाली, ‘‘ये मेरी थीसिस के पहले पन्ने पे लिखा है बाबा. मान लो कि सब पता है.’’

बाप आणि मुलगी त्या दिवशी जेवायला बसली ती एकमेकांकडे न बघता. दोघांचाही गोंधळ उडाला होता, आणि गोंधळात एकमेकांची सोबत असूनही काही मदत होत नव्हती.

निमकरांना नाव सुचलं ते दुसऱ्या दिवशी दाढी करताना. अर्धा गाल साबणात असताना त्यांचा हात थांबला. आत्माराम कुडाळकर.

आत्माराम सरकारी कारखान्यात फोरमन होते, राहायला तेलीबागला. मंडळाच्या आरतीला त्यांचा आवाज लागला की माइकची गरज पडत नसे. त्यांचा आणि मंडळाचा बेबनाव झाला तो गलाईवाल्यांवरून. चौक या जुन्या बाजारपेठेतल्या सराफ्यात सांगलीकडची माणसं सोनं-चांदी गाळायचं काम करतात. बँकवाले आणि कारखानेवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून ती लखनौत आहेत, त्यांची मुलं इथेच वाढली. त्यांनाही मंडळात घ्या, असं आत्मारामांनी सभेत सुचवलं. कार्यवाह निमकरांनी उठून सांगितलं, की हे नियमात बसत नाही. ‘‘मग मीही बसत नाही,’’ असं म्हणून आत्माराम जे उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत. तो नियम नक्की कोणता होता, हे आरशासमोर उभ्या निमकरांना आता आठवेना. उठून जाणाऱ्या आत्मारामांची पाठ मात्र स्वच्छ आठवली.

म्हणजे इतकी वर्षं, आपण आतल्या खोलीत घोरत असताना, ही बाहेर बसून सगळ्यांत आधी त्यांना फोन करत होती. निमकरांना आधी राग आला, आणि मग तो काढायचा कोणावर ते कळेना.

मेट्रोने चारबाग, पुढे ऑटो, असे ते तेलीबागला पोचले. पूर्वी इथे मोकळी मैदानं होती. आता बाजार, कोचिंग क्लास आणि मोबाइलची दुकानं. निमकर ओळखीची गल्ली शोधत दोनदा एकाच डेअरीपाशी येऊन उभे राहिले. डेअरीवाल्याने विचारलं, ‘‘किसको ढूँढ रहे हैं, बाबूजी?’’ निमकरांनी नाव सांगितलं. ‘‘मराठी चाचा? अभी तो दूध ले गए,’’ असं म्हणत त्याने समोरचाच जिना दाखवला.

दार आत्मारामांनीच उघडलं. केस पार पांढरे झालेले, बाकी ताठपणा तोच. त्यांनी निमकरांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते बाजूला झाले.

‘‘या. वहिनींनी पाठवलं?’’

निमकर आत जाऊन खुर्चीवर बसले. काय बोलायचं ते ऑटोत ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. पण आत्मारामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. कधीपासूनचं साठून राहिलेलं त्यांच्या तोंडून बाहेर पडत होतं.

‘‘संक्रांतीला तिळगुळाचा फोन झाला, त्यानंतर नाही. पाडवा गेला, नागपंचमी गेली. मी समजलो काय ते. त्या फोनवर मी तुमच्याबद्दल जरा वेडंवाकडं बोललो होतो, निमकर. म्हणजे नेहमीच बोलायचो, त्या हसून सोडून द्यायच्या. या वेळी त्यांना लागलं असणार. आणि आपण वर फोन करायचा नाही, तेव्हा बसलो आपला. पण एवढा राग धरावा माणसाने?’’

निमकरांच्या लक्षात आलं, की जे सांगायचंय ते वाक्य आपण स्वतः अजून कोणाला सांगितलेलंच नाही. हॉस्पिटलातून सावनीने सांगितलं होतं. ग्रुपवर ओझरकरांनी लिहिलं होतं. घरी आले ते सगळे माहीत असूनच आले होते. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला.

‘‘आत्माराम, कल्पना गेली. संक्रांतीनंतर. पौषातच.’’

आत्माराम उभे होते ते पलंगाच्या कडेवर बसले. खालच्या रस्त्यावर कोणीतरी ई-रिक्षाचा भोंगा वाजवत होतं, तो बराच वेळ वाजत राहिला.

‘‘इतके दिवस मी त्या बाईवर रागावून बसलो होतो,’’ ते म्हणाले.

‘‘मला माहीत नव्हतं हो. ती तुम्हाला फोन करते हे मला—’’

‘‘तुम्हाला सांगू नका, असं मीच म्हटलं होतं.’’

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि उशीजवळचा मोबाइल घेतला. ‘‘खाली सांगायला हवं.’’

‘‘तुमच्या खाली कोण?’’ निमकरांनी गोंधळून विचारलं. आत्मारामांनी नंबर लावला.

‘‘आदेश, हातातलं काम ठेव. भट्टीपासून लांब हो. बसलास? अरे, कल्पनावहिनी गेल्या.’’

पलीकडून काय आलं ते निमकरांना ऐकू आलं. कोणीतरी तरणाताठा माणूस रडत होता. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ज्याचं नावही आत्ता पहिल्यांदा ऐकलं, तो चौकातल्या भट्टीशेजारी बसून त्यांच्या बायकोसाठी रडत होता. आत्माराम त्याला सांगत होते, कधी, कशाने, कुठे. ताप, न्यूमोनिया. तेच सगळं पुन्हा, पण या वेळी निमकरांना ते सांगावं लागत नव्हतं. ते नुसते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांना रडू आलं. सगळं पार पडल्यापासून ते रडले नव्हते. आत्मारामांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि फोनवर म्हणाले, ‘‘आता तू पुढे सांग.’’

‘‘गलाईवाल्यांतला हा आदेश, पहिल्यांदा जेवला तो माझ्याकडे,’’ फोन ठेवून ते म्हणाले. ‘‘त्याच्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणात वहिनी रोज फोन करून तिला काय खायचं ते सांगायच्या. इथे तिचं होतं कोण?’’

‘‘आणि त्याच्या खाली किती घरं?’’

‘‘मोजतंय कोण? चौकातली सगळी. तिथून यहियागंज. त्यांच्या खाली कानपूरपर्यंत आहेत, ते मलाही माहीत नाहीत. त्या मात्र चौकशी करायच्या, कानपूरची पोरं कशी आहेत म्हणून.’’

एक गेला तर बदल केवढा, असं सावनी विचारत होती. निमकरांना त्याचं उत्तर येत नव्हतं. पण ते कानपूरपर्यंत जातं, एवढं तिला घरी गेल्यावर सांगावं असं त्यांना वाटलं.

ते उठले. आत्माराम स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ‘‘जेवून जा.’’

‘‘नको, सावनी वाट बघत असेल.’’

‘‘निमकर, तुम्हाला कोण सांगतं?’’

‘‘काय?’’

‘‘काही असलं म्हणजे. तुम्हाला कोणाचा फोन येतो?’’

‘‘आमचं घर वरचं. आम्हाला कोणी...’’ बोलता बोलता निमकर थांबले. चार वाजताच्या चहाला कल्पना त्यांना सगळं सांगायची. कोणाकडे बारसं, कोणाची बदली, कोणाचं काय दुखतंय. ते पेपरमधून डोकं न काढता हं हं करायचे. ‘‘तीच सांगायची,’’ ते म्हणाले.

‘‘मग बसा.’’

बसण्याचा अर्थ निमकरांना पुरता ठाऊक होता. मंडळाचा कार्यवाह, सगळ्यांत वरच्या घरचा माणूस, आणि तो तेलीबागच्या कुडाळकरांच्या खाली लागणार. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे. आत्मारामांनी कुळथाची पिठी आणि भात वाढला होता. निमकर खुर्ची ओढून बसले. पिठीत मीठ बरोबर होतं, आणि कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

घरी आल्यावर त्यांनी सावनीला सगळं सांगितलं. तिने शेंगदाणे काढले. आत्मारामांचा एक दाणा ठेवला, त्याच्या खाली आदेशचा, आणि मग वाटीत हात घालून मूठभर दाणे टेबलाच्या कडेपर्यंत पसरले. मग आत्माराम आणि निमकर यांच्या मध्ये काडी ठेवताना तिचा हात अडला. ‘‘रुको. आप उनको बताओगे, क्योंकि आई बताती थीं. और वो आपको बताएँगे, क्योंकि आपने वहाँ खाना खाया. बाबा, ये तो गोल बन गया. ऊपर से नीचे वाले पेड़ में गोल नहीं चलता.’’

‘‘चाललं तर काय होईल?’’

‘‘बात घूमती रहेगी.’’

‘‘फिरू दे की.’’

तिने दोन दाण्यांच्या मध्ये दोन काड्या ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘वैसे,’’ ती म्हणाली, ‘‘आई के टाइम ऐसी एक काडी ज़्यादा होती, तो आत्माराम काका को पहले ही दिन पता चल जाता.’’ मग लॅपटॉप उघडून ती काहीतरी लिहायला लागली. काय लिहिते ते निमकरांनी विचारलं नाही. समजणार नव्हतंच.

गणपतीच्या आदल्या दुपारी निमकर आतल्या खोलीत पडले होते, आणि घरात काहीतरी वाजायला लागलं. आधी त्यांना वाटलं दाराची बेल. दार उघडलं तर कोणी नाही. मग वाटलं कुकर. गॅस बंद होता. आवाज दिवाणखान्यातून येत होता, आणि त्याच्यासमोर उभं राहूनही क्षणभर त्यांना उमगेना. या घरच्या लँडलाइनवरून फोन जायचे. आमंत्रणाचा फोन तिच्यावर कधी आलाच नव्हता.

त्यांनी रिसीव्हर उचलला.

‘‘निमकर? आत्माराम बोलतोय. उद्या संध्याकाळी सातला आरती. चौकात, आदेशकडे. सावनीला घेऊन या. तुम्हाला सांगायचं माझ्याकडे आहे, म्हणून फोन केला.’’

‘‘बरं,’’ निमकर म्हणाले.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यांनी स्टूल ओढलं. आपल्या खाली घरं आहेत आणि ती वाट बघत असणार, हे आता त्यांना पक्कं कळलं होतं. क्रम कल्पनाचाच ठेवायचा होता. आधी तेलीबाग, मग अलीगंज. त्यांनी तेलीबागचा नंबर लावला, आणि आत्मारामांनी उचलल्यावर त्यांना सांगितलं, की उद्या संध्याकाळी सातला चौकात, आदेशकडे, आरती आहे.

आत्मारामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलंत. येतो.’’